विषय : डॅशबोर्डवर दिवे ‘चालू’, रस्त्यावर अंधार

मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

काल रात्री तुमच्या मदत केंद्राशी फोनवर २२ मिनिटं बोललो. त्यातली १७ मिनिटं संगीत ऐकण्यात गेली. त्यामुळे ‘सविनय’ वगैरे राहू द्या.

आमच्या नगरपालिकेच्या फीडर पिलर (दिव्यांना वीज पुरवणारी रस्त्यावरची पेटी) क्र. ७ वरचे ४० पथदिवे सलग ३ रात्री बंद होते. पथदिवे दुरून चालवायची यंत्रणा तुम्ही आम्हाला विकलीत, तिच्या डॅशबोर्डवर, म्हणजे दिव्यांची स्थिती दाखवणाऱ्या पानावर, मात्र ते हिरवेगार, ‘चालू’. उत्पादन तुमचंच आहे, तेव्हा तुम्हाला ठाऊक असेलच की तो हिरवा ठिपका दिवा पेटल्यावर येत नाही, सर्व्हरने ‘पेट’ असा हुकूम सोडला की येतो. हुकूम पोचला का, करंट वाहिला का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच पानावर तळाशी, बारीक राखाडी अक्षरांत ‘शेवटचा संपर्क : ३ दिवसांपूर्वी’. म्हणजे कळलं तुम्हालाही होतं, फक्त राखाडीत.

नेट गेलं तरी कंट्रोलरने, म्हणजे दिवे चालू-बंद करणाऱ्या तुमच्या डब्याने, स्वतःच्या घड्याळावर दिवे लावायचे असतात. अक्षांश-रेखांश भरलेले असले की सूर्यास्ताची वेळ डब्यातच काढता येते, त्याला क्लाउड लागत नाही. विकताना तुमच्या माणसाने सिम काढून हे टेबलावर करून दाखवलं होतं. मागच्या अपडेटपासून डबा सर्व्हरची वाट बघत बसतो.

आता तो फोन.

‘सर, आमच्याकडे सगळे लाइट चालू दिसतायत.’

म्हटलं, मी खांबाखाली उभा आहे.

‘सर, एकदा पेज रिफ्रेश करता का?’

केलं. खांबावर काही परिणाम झाला नाही.

‘तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात ना, सर?’

त्या खांबावरचा नंबर मी स्वतः उभं राहून रंगवून घेतलाय. तरी मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचून दाखवला. टॉर्च कशाला लागला, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मग होल्ड. परत आले ते हे घेऊन : ‘तुमचा प्लॅन छोट्या शहरांचा आहे, त्यात रात्रीचा सपोर्ट येत नाही. सकाळी १० नंतर तक्रार टाका.’ पथदिव्यांचा सपोर्ट, दिवसा! आणि वर, अगदी समजुतीच्या सुरात : ‘तसंही छोटं शहर आहे ना सर, रात्री एवढी वर्दळ नसेल.’

‘छोट्या शहरांना परवडणारं’ हे तुमच्याच माहितीपत्रकावरचं वाक्य. स्वतःची सर्व्हर रूम नको, अनेक शहरं एकाच यंत्रणेवर, खर्च वाटला जातो, हे पटलं म्हणून आम्ही आलो. खर्च वाटून घ्यायचा होता हो, अंधार नव्हे.

करारात ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी आहे, म्हणजे ३० दिवसांत जेमतेम ४३ मिनिटं बंद. ३ रात्रींचा हिशेब विचारला तर उत्तर : सर्व्हर चालूच होता. सर्व्हरच्या उजेडात कोणी घरी जात नाही, साहेब. आणि पुन्हा सांगतो, तुमच्या पडद्यावर तेव्हाही ‘चालू’च होतं.

अपडेट मागे घ्या. ‘चालू’ हा शब्द करंट मोजूनच दाखवा. आमच्या सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये, म्हणजे तक्त्यात उघडून आकडेमोड करता येईल अशा फाइलमध्ये द्या. ‘सोय’ म्हणून पीडीएफमध्ये पाठवता ती चित्रं नकोत. ८ दिवसांत हे झालं नाही तर कराराचं नूतनीकरण होणार नाही आणि हा पत्रव्यवहार सर्वसाधारण सभेपुढे जाईल. शेजारच्या नगरपालिकेला तुमचं नाव मीच सुचवलं होतं, त्याचं काय करायचं तेही मी ठरवीन.

तूर्त आमच्या वायरमनने कंट्रोलर बाजूला काढून लाइन डायरेक्ट केली आहे. त्यामुळे हे ४० दिवे आज भर दुपारीही जळतायत. तुमच्या डॅशबोर्डवर ते ‘बंद’ आहेत.

उत्तर लेखी पाठवा, फोन नको.

आपला,
विद्युत विभाग, नगरपालिका