प्रयोगशाळेची वही रद्दीत जाऊ देऊ नका

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

कोलकात्याचे संशोधक डॉ. सुभाष मुखर्जी यांचे हस्तलिखित कागद उरले नसते, तर ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात त्यांच्या प्रयोगातून जन्मलेली मुलगी भारतातले पहिले टेस्ट-ट्यूब बाळ होती, हे आज कुणी मान्य केले नसते. प्रजनन-संप्रेरकांच्या संशोधनातल्या मूळ नोंदी जपण्याचा नियम करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मुखर्जींनी एचएमजी या बीजे वाढवणाऱ्या संप्रेरकाची इंजेक्शने देऊन एकाच चक्रात अनेक स्त्रीबीजे वाढवली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्टेप्टो-एडवर्ड्स या जोडीला जगातल्या पहिल्या टेस्ट-ट्यूब बाळाचे यश आले ते नैसर्गिक चक्रातल्या, लॅपरोस्कोपीने काढलेल्या एकाच स्त्रीबीजावर. मुखर्जींनी योनीमार्गे छेद घेऊन बीजे काढली, भ्रूण डायमिथाइल सल्फॉक्साइड या गोठताना पेशी जपणाऱ्या द्रव्यात गोठवले, ५३ दिवस ठेवले आणि पुढच्या एका नैसर्गिक चक्रात गर्भाशयात सोडले. इतके थांबण्याला कारण होते. औषधाने अनेक पुटिका (बीज वाढवणाऱ्या पिशव्या) वाढल्या की इस्ट्रोजेन हे संप्रेरक एरवीपेक्षा कितीतरी चढते, गर्भाशयाचे अस्तर वेळेआधी पुढे सरकते आणि भ्रूण रुजण्याची घडी चुकते. आज भ्रूण गोठवून नंतर सोडणे हे आयव्हीएफ केंद्रांतले रोजचे काम झाले आहे.

पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकशास्त्रज्ञ होते. समितीने मुखर्जींचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये मुखर्जींची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली आणि १९ जूनला त्यांनी आयुष्य संपवले.

पुढचा भाग मुंबईचा. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात जन्मलेल्या बाळामागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार होते. देशातले पहिले हा मान तेव्हा त्या कामाकडे होता. मुखर्जींचे कागद वाचल्यावर आनंदकुमारांनी १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात लिहून तो मान मुखर्जींना दिला. स्वतःच्या हातचा मान असा देणारे शास्त्रज्ञ विरळाच. पण त्यांना वाचायला कागद होते, म्हणून ते घडले.

आज तसे कागद उरतील का? संप्रेरकमापन यंत्रांचे निकाल अनेक ठिकाणी थर्मल कागदावर निघतात. त्यावरची अक्षरे काही वर्षांत उडतात, म्हणून त्याच दिवशी साध्या कागदावर प्रत काढून वहीत चिकटवायला हवी. नुसता आकडाही पुरत नाही. इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) '२००' लिहिले आणि एकक सुटले, तर ते पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर की पिकोमोल प्रति लिटर हे कळत नाही, आणि दोन्हींत साधारण ३.६७ पटींचा फरक आहे. मापनपद्धत, किटचा लॉट क्रमांक, कंट्रोल (ताडून पाहायच्या) नमुन्याचे निकाल, गोठवलेले सीरम (रक्तातला द्रव) किती वेळा वितळवले, हे सारे आकड्याशेजारीच हवे. किट बदलले की जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाच कोलमडते.

भ्रूणाच्या नोंदीत एचसीजी (बीजे पक्व करणारे संप्रेरक) दिल्याची वेळ मिनिटापर्यंत लिहावी, कारण बीजे साधारण ३४ ते ३६ तासांनी काढायची असतात. फलन बीज आणि शुक्राणू एकत्र आणल्यावर १६ ते १८ तासांनी तपासतात. उशीर झाला तर दोन प्रोन्यूक्लियस (बीज आणि शुक्राणू यांची केंद्रके) विरून जातात आणि फलन नीट झाले होते का, ते सांगता येत नाही. गोठवताना द्रावणाचे प्रमाण आणि थंड करण्याचा वेग लिहिला नसेल, तर तो प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही.

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार केंद्रांनी नोंदी किमान १० वर्षे ठेवून पुढे राष्ट्रीय नोंदणीकडे द्यायच्या आहेत. त्या उपचारांच्या नोंदी झाल्या. संशोधकाची वही मात्र बहुतेकदा त्याच्या कपाटात असते आणि बदली किंवा निवृत्तीनंतर रद्दीत जाते.

आमची मागणी अशी : सरकारी निधीतल्या प्रजनन संशोधनाच्या वह्या कायम जपाव्यात. पाने क्रमांकित असावीत, दर आठवड्याला त्या प्रयोगात नसलेल्या सहकाऱ्याची तारखेसह सही घ्यावी, स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या शहरांत ठेवाव्यात. रुग्णांची नावे वहीत नकोत, नुसता सांकेतिक क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, ती यादी वेगळ्या कुलपात. बदलीच्या आदेशासोबत वह्यांची पोचपावती सक्तीची करावी. आणि एखादा दावा तपासायची वेळ आलीच, तर समितीत भ्रूणशास्त्र आणि अंतःस्रावशास्त्र जाणणारे बहुसंख्य असावेत.

सुरुवात परळच्या संस्थेपासून करता येईल. १९७० पासूनचे काम तिथे आहे.

आपले,
प्रजनन-अंतःस्राव प्रयोगशाळांत काम करणारे