'किंचित उष्णता' म्हणजे नेमकी किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आरोग्याच्या पानावर सीटी स्कॅनच्या वेळी देतात त्या डाय इंजेक्शनवरचा लेख वाचला. लेखक मोठे डॉक्टर आहेत, लिहितात गोड. 'घाबरू नका' हे शब्द त्यांनी 7 वेळा वापरलेत. मी हायस्कुलात 31 वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळं मोजायची खोड आहे. तीच गोष्ट 7 वेळा सांगणाऱ्याला समोरचा मठ्ठ वाटत असतो, हे मला पक्कं माहीत आहे, कारण वर्गात मीही तेच करायचो.

लेखाचा सूर असा, की ग्रामीण भागातली माणसं डायचं नाव काढलं की बिचकतात. आमच्या घरी कुणी बिचकलं नाही. हसू मात्र आलं. पोटाचं सीटी स्कॅन करायचं, त्यात डाय देतील, असं मी सांगितल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "आता या वयात कशाला डाय? पांढरे झाले ते झाले." आमच्याकडं डाय म्हणजे केसाला लावतात तो. डॉक्टरसाहेबांनी अख्ख्या लेखात एकदाही सांगितलं नाही, की या डायला रंगच नसतो. बाटलीतलं औषध पाण्यासारखं नितळ असतं. सीटीच्या डायमध्ये आयोडीन असतं, ते क्ष-किरण अडवतं, म्हणून फोटोत शिरा पांढऱ्या उठतात, एवढंच. आमच्या शेजारचे एक गृहस्थ डाय घेतल्यावर दोन दिवस लघवीचा रंग निळा होतो का हे बघत होते. त्यांच्यासाठी तरी एक ओळ टाकायची होती.

पण मी पत्र लिहितोय ते एका शब्दासाठी. लेखात वाक्य आहे, 'इंजेक्शन दिल्यावर रुग्णास किंचित उष्णता जाणवू शकते.' किंचित! साहेब, हा शब्द वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि चहा गार होऊ दिला. कारण ही किंचित उष्णता आमच्या घरात तीन दिवस मुक्कामाला होती.

झालं असं. पहाटे साडेपाचची गाडी, मध्ये एक बदलायची, असं करून आम्ही नऊला सेंटरवर पोचलो. सौ. उपाशी. आल्याबरोबर एका पोराने एक लिटरची बाटली हातात दिली, त्यात काही औषध मिसळलेलं, आणि तासाभरात घोट घोट करून संपवा म्हणाला. ती संपली. मग क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट यायचा म्हणून बसा. मग मशीनवर तातडीचा पेशंट आला म्हणून बसा. मग सुईसाठी शीर सापडेना. सिस्टरने दोन्ही हात बघितले, थापट्या मारल्या, तिसऱ्यांदा कोपराजवळ सापडली. ही सुई जरा जाड घालावी लागते, कारण डाय हाताने देत नाहीत, पंपाने देतात, सेकंदाला 3-4 मिली या हिशेबाने, 80-100 मिली अर्ध्या मिनिटात आत. हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला दोघांनाही वाटत होतं की नेहमीसारखी छोटी सुई असेल.

टोचायच्या आधी आतल्या पोराने विचारलं, "आजी, मासे, झिंगे खाऊन कधी अंगावर गांधी उठल्या का?" सौ.च्या गळ्यात तुळशीची माळ आहे, चाळीस वर्षांपासून. त्या त्याच्याकडं अशा बघत राहिल्या, की त्याने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. गंमत म्हणजे या प्रश्नाला तसा अर्थही नाही. माशांची ॲलर्जी माशांतल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीन तर आपण रोज मिठातून खातो. पण पूर्वी कधी डाय घेतला होता का, तेव्हा काही त्रास झाला होता का, दमा आहे का, हे विचारायलाच हवं होतं. ते माळेपाशी अडून राहिलं.

कपडे बदलून गाऊन घातला. मंगळसूत्र काढून माझ्या खिशात. आणि मग दार लागलं. वर्णन आता त्यांच्या शब्दांत सांगतो, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. वरून आवाज आला हिंदीत, सांस लो, सांस रोको. मग हातात गार काही तरी शिरलं, आणि पाठोपाठ गळ्यापासून भट्टीचं दार उघडल्यासारखी धग. तोंडात पैसा चघळल्यासारखी चव. धग छातीतून पोटात, पोटातून खाली. आणि खाली गेल्यावर, संपादक महाराज, त्या 66 वर्षांच्या बाईला खात्री पटली, की आपल्याकडून तिथंच, त्या परक्या पोरांसमोर, कपड्यात लघवी झाली. पोटात लिटरभर पाणी होतंच, अडीच तासांपासून. हलायचं नव्हतं. मशीन आत-बाहेर होत होतं. बाहेर आल्यावर त्यांनी घाईघाईत गाऊन काढून कोपऱ्यातल्या टोपलीत दाबला, बघितलंसुद्धा नाही, आणि मान खाली घालून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाक मोकळा होता. मी म्हटलं बसा. बसल्या नाहीत.

मला वाटलं, उपासाने थकल्या असतील. घरी आल्यावर तीन दिवस फार बोलल्या नाहीत. फिल्म आणि रिपोर्ट आणायला दोघांनी जायचं ठरलं होतं, येताना लेकीकडं डोकवायचं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही जावा. मी त्या तिथं पुन्हा पाय ठेवत नाही." का, तर उत्तर नाही. चपला घालून मी दारात उभा, तेव्हा म्हणाल्या, "आवं, तिथं माझ्याकडून जरा तसं झालं. त्या पोरानं गाऊन उचलला असंल. त्याला कळलं असंल. काही बोलला तर ऐकून घ्या, भांडू नका."

मी गेलो. काचेमागच्या पोराला बाजूला घेऊन, आवाज कमी करून विचारलं. तो हसला. वाईट हसला नाही, चांगला पोरगा आहे. म्हणाला, "काका, सगळ्यांनाच वाटतं तसं. गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. होत काहीच नाही. गाऊन कोरडाच असतो."

"मग आधी सांगत का नाही?"

"सांगतो की."

"कुणाला?"

"जे विचारतात त्यांना."

आता माझ्यासारख्या माणसाने काय करावं? कुणी विचारावं, की इंजेक्शन दिल्यावर मला लघवी झाल्यासारखं वाटेल का हो? ज्याला माहीत आहे तोच विचारू शकतो, आणि ज्याला माहीत आहे त्याला विचारायची गरज नाही. डायने रक्तवाहिन्या पसरतात म्हणून धग जाणवते, मिनिटभरात ओसरते. बारा-पंधरा शब्दांचं काम आहे. भिंतीवर गर्भलिंग तपासणीचा बोर्ड मराठीत लावलाय, कायद्याने लावावा लागतो. त्याच्या शेजारी कागद चिकटवायला किती डिंक लागतो?

डॉक्टरसाहेबांनाही हे माहीत असणारच. पण त्यांनी 'किंचित उष्णता' लिहिलं आणि कुठं ते लिहिलं नाही. सभ्यपणा असेल. या सभ्यपणाची किंमत आमच्या घरातल्या बाईने भरली.

संमतीपत्राचंही सांगतो, त्यात दोष माझा आहे. दोन पानांचा इंग्रजी कागद, बारीक टाइप, काउंटरला दोरीने बांधलेला पेन. सौ.च्या हातात तेव्हा सुई होती, म्हणून नातेवाईक म्हणून मी सही केली. कागद वाचला नाही. वाचल्याशिवाय सही करू नका, असं 31 वर्षं पोरांना सांगत आलेला माणूस मी. आमचे जावई वकील आहेत. ते म्हणाले, समीरा कोहली प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की संमती म्हणजे माहिती देऊन, समजावून घेतलेली संमती. सुई टोचल्यावर घेतलेल्या सहीला काय म्हणायचं, ते मात्र जावयांनी सांगितलं नाही. बहुधा फी मागतील.

लेखातला आणखी एक शब्द, 'नगण्य'. गंभीर त्रासाचं प्रमाण नगण्य आहे म्हणे. नगण्य म्हणजे मोजण्याजोगं नाही असं. पण ते मोजलेलं आहे. माझा पुतण्या लॅबमध्ये आहे, त्याने दाखवलं. जपानात तीन लाखांवर रुग्णांची पाहणी झाली, 1990 साली छापून आली. जुन्या प्रकारच्या डायने 10,000 मागे 22 जणांना गंभीर त्रास झाला, नव्या प्रकारच्या डायने 4 जणांना. हा आकडा दिला असता तर माणसाला आपोआप धीर आला असता. 7 वेळा घाबरू नका म्हणावं लागलं नसतं.

क्रिएटिनिनचंही तसंच. '1.5 च्या आत असेल तर चिंता नको' असं लिहून साहेब मोकळे झाले. पुतण्या म्हणतो, नुसता आकडा बघून चालत नाही, वय आणि बाई की पुरुष हे धरून हिशेब करावा लागतो. तेच 1.2 क्रिएटिनिन 35 वर्षांच्या गड्याचं असेल तर किडनीचं काम (मिनिटाला किती मिली रक्त गाळते ते) 80 च्या आसपास निघतं, आणि आमच्या सौ.च्या वयाच्या बाईचं असेल तर 50. 30 च्या खाली गेलं की मग खरा विचार करायचा. शुगरची मेटफॉर्मिन थांबवतात ती याच कारणाने. डायचं आणि गोळीचं काही भांडण नसतं. पण डायनंतर किडनी मंदावली तर गोळी अंगात साठते, म्हणून ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांची 48 तास बंद ठेवतात आणि किडनी पुन्हा तपासून सुरू करतात. सौ.ना गोळी बंद करा असं सांगितलं. सुरू कधी करायची, हे कुणी सांगितलं नाही. मी पुतण्याला फोन केला नसता तर बहुधा अजून बंदच असती.

आणि शेवटी ते पाणी. 'तपासणीनंतर भरपूर पाणी प्यावे, डाय लघवीवाटे 24 तासांत निघून जातो.' बरोबर आहे. किडनी धड असेल तर बहुतेक सगळा निघून जातो. पण साहेब, आमच्याकडं येलदरीचं धरण उशाला आणि कोरड घशाला, हे राहू द्या, बाटली विकत मिळते. मी विकत घेतली. सौ.नी तोंड लावलं नाही. पुढं दोन गाड्या, सव्वादोन तास, आणि मध्ये ज्या स्टँडवर उतरायचं तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. ते कुलूप नवं नाही. मी त्याच कुलपाबद्दल तुम्हाला जून महिन्यात पत्र पाठवलं होतं, फोटोसकट. तुम्ही छापलं नाही. त्या दिवशी त्या पानावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाची पाऊण पान जाहिरात होती, तेव्हा जागेची अडचण मी समजू शकतो.

मराठवाड्यात बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे तुमच्या बातमीदारांना माहीत नसेल तर त्यांनी घरी विचारावं. डाय बाहेर काढायला पाणी प्यायचं, आणि पाणी प्यायलं तर जायचं कुठं? सौ.नी पहिला तांब्या पाणी रात्री आठला घरी पोचल्यावर प्यायला. न्हाणीला जाऊन आल्यावर.

रिपोर्ट चांगला आला, पित्ताशयात खडे आहेत, बाकी काही नाही. डायमुळं ते नीट दिसलं हेही डॉक्टरांनी सांगितलं. डायच्या विरोधात माझं काही म्हणणं नाही, पुन्हा घ्यायची वेळ आली तर घेऊ. सौ. म्हणतात, आता गाऊन हातात घेऊन बघणार आहे.

हे पत्र छापलं तर ठीक. नाही तर निदान जूनचं छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सेवानिवृत्त शिक्षक
(नाव छापू नये, सौ.ची तशी ताकीद आहे)
जि. परभणी

ता.क. लेख सीटीच्या डायवर आणि सोबत फोटो एमआरआयच्या मशीनचा. एमआरआयचा डाय वेगळा, त्यात गॅडोलिनियम असतं, आयोडीन नसतं, आणि तो 10-15 मिलीच देतात. त्या दोन पेशंटांना एका फोटोत कोंबू नका. आमच्या गल्लीत दोघंजण कालपासून वाद घालतायत.