साल धरण्याआधी

लातूर, ८ मार्च

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन आल्यापासून कराराची ती सात पाने मी तीनदा वाचली. फोनवर मी नुसते ‘बघू’ म्हणालो, ते तुला तुटक वाटले असेल; पण अशा विषयावर बोलायला लागलो की माझे निम्मे मुद्दे निसटतात आणि तेवढ्यात तुझी आई फोन ओढून घेते, म्हणून लिहायला बसलो आहे. अनुवाद कंपनीशी असलेला तुझा करार ३१ मार्चला संपतो, नव्या करारावर २० तारखेपर्यंत सही करून पाठवा असे कंपनीने कळवले आहे, आणि सही करावी की दुसरे काम शोधावे हा तुझा प्रश्न आहे. माझे मत आधी सांगतो, कारणे मागून देतो. आहे त्या मसुद्यावर सही करू नकोस, पण एकदम तोडूनही टाकू नकोस. वर्षाऐवजी तीन महिन्यांचा करार माग, आणि ‘या काळात इतर कोणत्याही अनुवाद संस्थेचे काम करणार नाही’ हे जे नवे नववे कलम त्यांनी घातले आहे ते काढून घे. ते निघत नसेल तर दर कितीही वाढवून दिला तरी सोड.

आपल्याकडे पाडव्याला साल धरतात, म्हणजे गडी वर्षभरासाठी ठरवतात, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. काकांचा गडी यंदा सव्वा लाख मागतो आहे, त्यातले पन्नास हजार उचल म्हणून आधी, शिवाय महिन्याची ज्वारी. एकदा साल धरले की तो वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर कामाला जात नाही, हे त्याचे बंधन झाले. पण त्या बंधनापोटी त्याला उचल मिळते, आणि पाऊस पडो न पडो, सोयाबीन हाती लागो न लागो, सालाचा आकडा बदलत नाही. आता तुझा मसुदा त्याच्याशेजारी ठेवून पाहा. दुसरीकडे काम करायचे नाही, हे बंधन आहे. महिन्याला किमान किती शब्दांचे काम देणार, याचा सात पानांत कुठेही उल्लेख नाही. पैसे बिलानंतर ६० दिवसांनी, आणि तुझ्याच सांगण्याप्रमाणे प्रत्यक्षात ८० दिवसांनी. म्हणजे सालगड्याचे बंधन आणि रोजंदारीचा बेभरवसा, दोन्ही तुझ्याच पदरात. ‘मी स्वतंत्र व्यवसाय करते’ असे तू पाहुण्यांना सांगतेस तेव्हा मला बरे वाटते. पण गेल्या वर्षी तुला मिळालेल्या ५ लाख ४० हजारांपैकी साडेचार लाख या एकाच कंपनीचे होते, म्हणजे दर १०० रुपयांतले ८३. मी धान्याच्या आडतीवर मुनीम होतो तेव्हा अशा माणसाला आम्ही व्यापारी म्हणत नसू.

दराचा हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे, कारण कंपनीने तो शब्दांत मांडला आहे आणि तूही शब्दांतच मोजत बसली आहेस. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, तू रानात आली होतीस ती मला आठवते. बायका कडब्याच्या कोपीपुढे पूजा मांडत होत्या, आंबिलाचा बिंदगा नुकताच उतरवला होता, आणि तू रेंजसाठी बांधावरच्या लिंबाखाली गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होतीस. मी भज्जी आणि उंडे घेऊन तिकडे आलो तर पडद्यावर ‘पंपाचे एकूण डोके ३० मीटर आहे’ असे वाक्य. मी हसलो, तू हसली नाहीस. पाणी किती उंच चढवायचे त्याला पंपवाले हेड म्हणतात, हे अनुवाद करणाऱ्या यंत्राला कळले नव्हते. तू ते दुरुस्त केलेस, आणि मग असे दुसरे डोके कुठे राहिले असेल या धास्तीने पंपाचे सगळे माहितीपुस्तक मूळ इंग्रजीशी ताडून ओळीने वाचलेस. उंडे गार झाले. यंत्राने केलेला मसुदा सुधारण्याचे ते तुझे पहिले काम होते, आणि नव्या करारात बहुतेक काम तसेच येणार आहे, शब्दाला दीड रुपयाऐवजी ७५ पैशांनी.

त्या ४,८०० शब्दांना तुला १६ तास लागले, म्हणजे तासाला ३०० शब्द, म्हणजे तासाला २२५ रुपये. माझ्या सांगण्यावरून तू जानेवारीत तासांची वही ठेवलीस हे फार चांगले केलेस, त्यामुळे जुन्या कामाचा हिशेबही हाताशी आहे: २७,६०० शब्द, ४१,४०० रुपये, प्रत्यक्ष अनुवादाचे ११० तास. तिथे तासाला ३७६ रुपये पडतात. कंपनी म्हणते की मसुदा तयार मिळणार असल्यामुळे तुझा वेग दुप्पट होईल आणि कमाई तेवढीच राहील. कमाई तेवढीच राहायला तुला तासाला ५०० शब्द तपासावे लागतील, आणि त्या वेगाने तपासले तर पंपाला डोके राहणारच. त्याखाली नाव तुझे असते, कंपनीचे नसते, हेही लक्षात घे.

शिवाय त्याच जानेवारीच्या वहीत आणखी २८ तास आहेत, ज्यांचे तुला कोणी काही देत नाही. ग्राहकाच्या शंकांना उत्तरे देणे, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा आलेल्या सुधारणा, बिलाच्या चौकशीचे फोन. ते धरले तर जुना दरही तासाला ३०० वर येतो. आमच्याकडे मालाची पट्टी करताना हमाली, तोलाई, आडत वजा करूनच शेतकऱ्याच्या हातात आकडा पडायचा. तू मात्र वरचाच आकडा खरा धरून चालली आहेस. उलट बिलातून कापतात तो १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, तू बुडीत धरतेस, तो बुडीत नाही. विवरणपत्र वेळेवर भरलेस तर तुझ्या उत्पन्नावर त्यातला बराचसा परत येईल.

पैशांच्या मुदतीबद्दल तुला एक गोष्ट ठाऊक नसावी. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, आणि तुझ्यासारख्या एकट्याने सेवा देणाऱ्यालाही ती करता येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेसुद्धा ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि त्यापेक्षा उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. १ एप्रिल २०२४ पासून तर असे थकवलेले पैसे कंपनीला त्या वर्षीच्या खर्चातही दाखवता येत नाहीत, त्यामुळे मार्च आला की त्यांचे हिशेबनीसच ही बिले शोधत फिरतात. नोंदणी नव्या करारावर सही करण्याच्या आधी झालेली असू दे. व्याजासाठी तू भांडावेस असे मी म्हणत नाही, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे मीच तुला शिकवले आहे. पण बिलाच्या डोक्यावर उद्यम क्रमांक छापलेला असला की वागण्यात फरक पडतो.

करार संपल्यानंतरही वर्षभर अशाच दुसऱ्या कंपनीचे काम करू नये, असे शेवटच्या पानावर लिहिले आहे, आणि तू त्यालाच सर्वांत जास्त घाबरली आहेस. त्याची एवढी भीती बाळगू नकोस. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ अशा अटींना, म्हणजे माणसाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणाऱ्या अटींना, निरर्थक ठरवते. खरे अडवते ते नववे कलम, कारण करार चालू असतानाच्या बंधनाला न्यायालय सहसा तसे मोडीत काढत नाही.

तुझी आई म्हणते की हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. तिचा मान राखून सांगतो, जे ८० दिवसांनी येते आणि पुढच्या महिन्यात किती येईल हे माहीत नसते ते हातचे नव्हे. आणि तू पळत्याच्या पाठी उपाशी लागणार आहेस असेही नाही. तुझी शिल्लक १ लाख ८० हजार, पुण्यातला खर्च महिन्याला २४ हजार, म्हणजे एक पैसा आला नाही तरी साडेसात महिने निघतात. इकडे पाठवतेस ते तीन हजार सहा महिने नाही पाठवलेस तरी आमचे अडत नाही. हे मी आईला विचारून लिहितो आहे.

आता जे तू फोनवर अर्धवट बोललीस आणि मग विषय बदललास, त्याबद्दल. ‘लॉकडाऊनमध्ये सगळ्यांची कामे बंद होती तेव्हा यांनीच मला काम दिले,’ असे तू म्हणालीस. हे ओझे काय असते ते मला ठाऊक आहे. मी १९८८ मध्ये आडतीवर मुनीम म्हणून लागलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आपल्या गावातले घर पडले, आणि तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः टेम्पोत ज्वारीचे कट्टे आणि पत्रे घेऊन आले. ते मी कधी विसरलो नाही आणि विसरणारही नाही. १९९८ मध्ये एका डाळ मिलवाल्याने मला ३,५०० रुपये देऊ केले. शेठ २,२०० देत होते. मी शेठपुढे तोंड उघडले नाही, वाढवून द्या असेही म्हणालो नाही, कारण पत्रे डोळ्यांपुढे यायचे. मिलवाल्याला नकार कळवला आणि दर पाडव्याला शेठ जो आकडा म्हणतील त्याला मान हलवत राहिलो. पुढे २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते त्या उन्हाळ्यात, शेठच्या पुतण्याने मला बोलावले आणि हिशेब आता संगणकावर होणार असल्याने पुढच्या महिन्यापासून येण्याची गरज नाही असे सांगितले. त्याने माझ्याशी वाईट वागणूक केली नाही, उलट चहा पाजला. पत्रे शेठनी आणले होते, पुतण्याला त्यांची खबरही नव्हती. तुझ्या कंपनीतही ज्या बाईंनी तुला तेव्हा काम दिले त्या दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेल्या, असे तूच म्हणाली होतीस. त्यांचे उपकार मानायचे असतील तर त्यांना पाडव्याचा फोन कर. करारावर सही हा त्याचा मार्ग नाही.

तर कंपनीला पत्र लिही, आणि ते १२ तारखेच्या आत जाऊ दे. २० तारखेला लिहिलेस तर त्यांना वर विचारायला वेळ उरणार नाही आणि घाईत माणूस ‘नाही’च म्हणतो. पत्रात रागाचा किंवा उपकाराचा शब्द नको. करार १ एप्रिल ते ३० जून. सरळ अनुवादाचा दर दीड रुपया कायम. यंत्राचा मसुदा सुधारण्याचा दर सव्वा रुपया माग, कारण तासाला ३०० शब्दांच्या वेगाने तिथेच तुझी जुनी कमाई टिकते. १ रुपया १० पैशांच्या खाली येऊ नकोस. सुधारणांची एक फेरी दरात धरलेली, पुढच्या फेरीला तासाप्रमाणे पैसे. पैसे ४५ दिवसांत. आणि नववे कलम रद्द. यातल्या दरावर आणि फेऱ्यांवर थोडे पुढेमागे झाले तरी चालेल, नवव्या कलमावर नाही, हे मनाशी आधीच ठरवून मग लिही. समोरचा माणूस तू कुठे लवतेस ते दोन पत्रांत ओळखतो.

त्यांनी मानले तर हे तीन महिने नुसते काम करण्यासाठी नाहीत, आठवड्यातला एक पूर्ण दिवस नवे काम शोधायला बाजूला ठेव, आणि जूननंतर एका ठिकाणाहून रुपयातले आठ आण्यांपेक्षा जास्त येणार नाहीत असे बघ. शोधताना पुण्यातल्या अनुवाद संस्थांच्याच दारात उभी राहू नकोस, तिथे तुझ्यासारख्या पुष्कळ आहेत. तिफण, कोळपे, वखराची पाळी, पराटी हे शब्द ज्याला कोशात बघावे लागत नाहीत असा अनुवादक किती जणांकडे असेल? ठिबकचे संच, फवारणी पंप, बियाणे बनवणाऱ्यांना माहितीपत्रके शेतकऱ्याला कळतील अशी हवी असतात. संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत कामगारांसाठी सुरक्षेच्या सूचना मराठीत लागतात. त्यांना थेट लिही, मधला दलाल नको. परभणीच्या कृषी विद्यापीठात तुझी मैत्रीण आहेच, तिला विचार की त्यांच्या पुस्तिकांचे काम बाहेर कोणाला देतात का. नमुना म्हणून त्या पंपाच्या पुस्तकासारखे एक पान स्वतः तयार कर, कंपनीचे काम दाखवू नकोस, त्याबद्दलचे गोपनीयतेचे कलम योग्यच आहे.

पत्राचा कच्चा मसुदा मला पाठव, अक्षर मोठे करून. फोनवरची बारीक अक्षरे मला आता दिसत नाहीत. पाडव्याला येशीलच. काकांचा गडी त्या संध्याकाळी बोलणीला येणार आहे, तू ओसरीवर बस. गेल्या वर्षी त्याने आकडा सांगितला आणि चहा संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. काकांनीच दोनदा आकडा वाढवला.

तुझा,
अप्पा