कपाटाची खोली आणि खोलीतले कपाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या घरविषयक पुरवणीत लहान सदनिकांतील साठवणुकीवर अधूनमधून लेख येतात आणि त्यांच्यासोबतच्या छायाचित्रांत भिंतभर पसरलेली, गुळगुळीत, आरसे लावलेली कपाटे दिसतात. मात्र त्यातले एकही कपाट उघडे दिसत नाही. वास्तुविशारदांच्या कार्यालयात मी चौतीस वर्षे आरेखक म्हणून काम केले, शेकडो शयनकक्षांच्या नकाशांवर कपाटाचा आयत काढला, आणि निवृत्तीनंतर नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात मिळालेल्या घरी राहायला आलो, तेव्हा स्वतःचे कपाट मात्र सपशेल चुकवून बसलो. ती चूक ठाण्यात घराची किल्ली हाती घेणारे बहुतेक जण करतात असे आजूबाजूला पाहून वाटते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

संस्कृतात ‘कपाट’ या शब्दाचा अर्थच दार असा आहे. शब्दाने आपला मूळ स्वभाव सोडलेला नसावा, कारण सुताराला बोलावल्यावर पहिली चर्चा दाराचीच होते: लॅमिनेट कोणते, मूठ कोणती, आरसा एका दाराला की दोन्हींना. आत काय ठेवायचे आहे हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मग सुतार त्याच्या सवयीने दोन फूट खोलीची पेटी उभी करतो, तिच्यात समान अंतरावर फळ्या ठोकतो आणि एका बाजूला दांडी लावून मोकळा होतो.

आमची जुनी इमारत भारवाही भिंतींची होती. चौदा इंची भिंतीत नऊ इंच खोलीची फडताळे बांधतानाच सोडलेली असत, दाराशेजारी कोनाडा असे, आणि मोरीवर टांड, म्हणजे सामान ठेवायची उंचावरची फळी असे. साठवण भिंतीच्या जाडीत आणि डोक्याच्या वर होती; त्यासाठी जमिनीचा एक इंचही खर्ची पडत नसे. (हा ‘टांड’ शब्द बांधकाम नियमांच्या इंग्रजी मजकुरातही व्याख्येसह टिकून आहे, घरांतून मात्र तो गेला.) आरसीसी सांगाडा आल्यावर भार खांब आणि तुळया वाहू लागल्या, आतल्या भिंती चार इंचांवर आल्या आणि फडताळाला जागाच उरली नाही. यात विकासकाची लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, कारण रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याप्रमाणे आतल्या भिंतींची जाडीही चटई क्षेत्रातच मोजली जाते. भिंत जाड ठेवली असती तर ती जागा तुमच्या-आमच्याच खोलीतून गेली असती. परंतु याचा परिणाम असा की पूर्वी भिंतीत मावणारी साठवण आता जमिनीवर उतरली आहे. सात फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट चौदा चौरस फूट जमीन व्यापते. घर घेताना चौरस फुटाला जो भाव मोजला त्याला चौदाने गुणावे, म्हणजे कपाटाची खरी किंमत कळते. सुताराचे बिल त्याच्यापुढे किरकोळ ठरते.

आता माझ्या चुकीविषयी. आमचा शयनकक्ष दहा बाय अकरा फुटांचा आहे. अकरा फुटी भिंतीला सात फूट रुंद, चार दारांचे कपाट केले. म्हणजे प्रत्येक दार एकवीस इंचांचे झाले. दहा फुटांतून कपाटाचे दोन आणि पलंगाच्या लांबीचे साडेसहा वजा केले तर दीड फूट, अर्थात अठरा इंच उरतात. अठरा इंचांत एकवीस इंचांचे दार पूर्ण उघडत नाही, हे दुसऱ्यांच्या नकाशांवर आयुष्यभर अशा वजाबाक्या केलेल्या माणसाला सुतार निघून गेल्यावर कळले. गादीचा कोपरा दाबून, कमरेत वळून मी वर्षभर सदरे काढले. शेवटी पलंगच फिरवला, त्याची सहा फुटी रुंदी कपाटासमोर आणली आणि चोवीस इंच मिळवले. त्याबदल्यात आमच्यापैकी एकाला आता पायथ्याकडून चढून झोपावे लागते.

दार उघडू लागल्यावर आतली चूक दिसली. घडी घातलेल्या सदऱ्याची किंवा साडीची लांबी चौदा इंचांच्या आसपास असते आणि फळी होती बावीस इंच खोल. उरलेल्या आठ इंचांत हात आपोआप दुसरी रांग लावतो आणि ती रांग दिवाळीच्या आवराआवरीपर्यंत उजेड पाहत नाही. दोन फळ्यांतले अंतर अठरा इंच ठेवल्यामुळे कपड्यांचे मनोरे झाले, खालचा काढताना वरचे कोसळू लागले. साडेतीन फूट लांबीच्या फळ्या मध्ये आधार नसल्याने दोन वर्षांत लवल्या. कपाटाची पाठ पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेली होती. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बराचसा मारा याच बाजूने होतो, त्यामुळे श्रावणात मागच्या रांगेतून बुरशीचा वास येऊ लागला. पत्नीच्या पैठणीच्या जरीजवळ ठेवलेल्या डांबरगोळ्यांनी जर काळवंडली, ही चूक मात्र सुताराची नव्हे, आमचीच.

कपाट मोडण्याऐवजी आतली रचना बदलायचे ठरवले आणि या वेळी कामाचा क्रम उलटा केला. आधी सगळे बाहेर काढून मोजले. दांडीवर टांगायचे कपडे दोघांचे मिळून सत्तर निघाले. एका सदऱ्याला दांडीवर साधारण एक इंच लागतो, म्हणजे सत्तर इंच, सुमारे सहा फूट दांडी हवी. एका ओळीत टांगले असते तर जवळजवळ सगळे कपाट त्यातच संपले असते. पण सदरा किंवा दुमडलेली पँट हँगरसह अडतीस इंच उंचीत बसते आणि सात फूट उंचीच्या कपाटात अशा दोन दांड्या एकाखाली एक सहज मावतात, त्यामुळे सहा फुटांचे काम साडेतीन फुटांच्या एकाच खणात झाले. दुसऱ्या खणात मध्ये उभी फळी घालून त्याचे दोन भाग केले: एका भागात लांब पंजाबी ड्रेस आणि माझी एकुलती एक शेरवानी, दुसऱ्यात चॅनेलवर सरकणारे उथळ ट्रे. बावीस इंच खोलीचा दोष या ट्रेंनी घालवला, कारण ट्रे बाहेर ओढला की मागची रांग पुढे येते. ट्रेंमधले अंतर दहा इंच ठेवले, तेव्हा मनोरे बंद झाले. सगळ्या दुरुस्तीला नव्या कपाटाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी खर्च आला.

नवे कपाट करणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दोन फूट खोली फक्त टांगण्याच्या कपड्यांना लागते, कारण हँगरच सतरा-अठरा इंच रुंद असतो. घडीच्या कपड्यांना, पुस्तकांना, औषधांना, कागदपत्रांच्या फायलींना पंधरा-सोळा इंच पुष्कळ होतात. तेव्हा टांगण्याचा भाग तेवढा खोल करून घडीचा भाग उथळ केला, तर चार फूट लांबीत आठ इंच जमीन परत मिळते. दाराशेजारच्या चिंचोळ्या भागात तेवढ्याने येणे-जाणे सुटसुटीत होते. बाहेरून रेषा सरळ दिसत नाही अशी तक्रार सुतार करील, ती मनावर घेऊ नये.

उंचीचा विषय याहून मोठा आहे. राहत्या खोलीची उंची नियमानुसार किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट असते आणि कपाट सात फुटांवर थांबते. वरच्या दोन फुटांत, सात बाय दोनच्या मापाने, अठ्ठावीस घनफूट जागा धूळ खात पडते किंवा तिथे रिकामे खोके आणि जुन्या बॅगा दर्शनी बसतात. तिथे छतापर्यंत दारांचा माळा करून घ्यावा. त्याआधी छताखालून तुळई कुठून जाते ते पाहावे, कारण तिच्याखाली दीड फूट उंची सहज कमी होते. शोभेचे खोटे छत करायचे असेल तर निदान कपाटाच्या डोक्यावर ते येऊ देऊ नये. चार दिव्यांसाठी वर्षानुवर्षांची साठवण घालवणे मला तरी पटत नाही.

माळ्यावर काय ठेवायचे याचा विचार करताना, वर्षभरात न वापरलेली वस्तू टाकून द्यावी हा हल्ली सर्रास दिला जाणारा सल्ला आठवतो. ज्या घरात गौरी येतात त्या घराला तो लागू पडत नाही. गौरींचे मुखवटे, त्यांचे स्टँड, मखर, समया, आकाशकंदील, चकलीचा सोऱ्या, पाहुण्यांच्या गाद्यांच्या खोळी, लग्नकार्यातली नऊवारी ही सगळी वर्षातून तीन दिवस, आठ दिवस लागणारी सामग्री आहे आणि ती टाकायची नसते. तिला वर्षभर नजरेआड, पण वेळेवर हाती येईल अशी जागा द्यायची असते. आम्ही माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आत काय आहे त्याची यादी चिकटवली आहे. भाद्रपदात स्टुलावर चढून सहा बोचकी सोडून पाहण्याचा कार्यक्रम त्यामुळे बंद झाला. रोजच्या वस्तू गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असाव्यात, हे साठीनंतर वेगळे सांगावे लागत नाही. बॅगा एकीत एक घालून ठेवल्या की तीनऐवजी एकीचीच जागा जाते.

सरकत्या दारांविषयी विचारणा फार होते. समोर दोन फूट मोकळे नसतील तर ती सोयीची आहेत, परंतु रुळांसाठी तीन-चार इंच खोली जाते आणि एका वेळी अर्धेच कपाट उघडते. बाहेरून चोवीस इंच धरून सरकती दारे लावली तर आत हँगर दाराला घासतो, तेव्हा सव्वीस-सत्तावीस इंच धरावेत. बिजागरीची दारे हवी असतील तर ती पंधरा-सोळा इंचांची करावीत. दारांची संख्या वाढते पण पलंगाला धडकत नाहीत.

ओलीसंबंधी एवढेच सांगतो की कपाट शक्यतो आतल्या भिंतीला लावावे आणि बाहेरच्या भिंतीलाच लावणे भाग असेल तर मागे दोन इंच हवा खेळती ठेवावी. रेशमी आणि जरीच्या साड्या सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि काही महिन्यांनी घडी मोडून नव्याने घालावी.

घरात जागा पुरली नाही की सामान कुठे जाते, हे कोणत्याही सोसायटीच्या मजल्यावर उभे राहिले तरी दिसते. चपलांचे कपाट, सायकली, जुना कूलर, रद्दीचे गठ्ठे लिफ्टसमोरच्या मार्गिकेत आणि जिन्यात येतात. सुटकेचा मार्ग मोकळा ठेवणे हे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार बंधनकारक आहे. आमच्या सोसायटीत यावरून दर सभेत वाद होतो, नोटिसा लागतात, आठवडाभर मार्गिका मोकळी राहते आणि पुन्हा चपला बाहेर येतात. आतले कपाट चुकलेले असताना बाहेरचे कपाट नोटिशीने हटत नाही, असा माझा अनुभव आहे.

ठाण्यात, विशेषतः नौपाडा आणि पाचपाखाडी परिसरात, जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या वाटाघाटी चालू आहेत. रहिवासी वाढीव चटई क्षेत्र, भाडे आणि पार्किंग यांवर महिनोन् महिने चर्चा करतात, पण नकाशातला कपाटाचा आयत कोणी मोजून पाहत नाही. तो आयत कित्येकदा दीड फूटच असतो, कारण दोन फूट दाखवले की खोली लहान वाटते. ही हातचलाखी मी स्वतः वरिष्ठांच्या सांगण्यावरून केलेली आहे. नकाशा मंजुरीला जाण्याआधी सभासदांनी तीन गोष्टी मागाव्यात: कपाट पूर्ण दोन फुटांचे आणि त्याची दारे उघडलेल्या स्थितीत दाखवलेली असावीत, पलंगही खऱ्या मापाचा काढलेला असावा, आणि स्नानगृहावर किंवा आतल्या मार्गिकेवर माळ्याची सोय असावी. स्नानगृहाला खोलीइतकी उंची नियमानेही लागत नाही, त्यामुळे तिथल्या वरच्या जागेत नळांच्या दुरुस्तीपुरती वाट ठेवून बाकीचा भाग वापरता येतो. बांधकाम सुरू झाल्यावर हे बदल होत नाहीत. कागदावर असताना मात्र ते एका दुपारचे काम असते.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती आहे. यापुढे कपाटाचे छायाचित्र छापाल तेव्हा दारे उघडून छापावे आणि शेजारी आतली मापे द्यावीत.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरेखक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)