क्ष-किरणांशिवाय क्ष-किरण समजावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

गोव्यातल्या आमच्या मराठी विज्ञान व्याख्यानांच्या पत्रिकेवर वक्त्याचं नाव असतं, अध्यक्षांचं असतं, चहा देणाऱ्यांचंसुद्धा असतं. प्रयोगाच्या टेबलामागे पेचकस घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं मात्र नसतं, आणि ते छापायला तुम्हीच नको म्हणता. म्हणून नाव न घेता, पण चारचौघांत आभार.

पहिले आभार एका नकाराचे. महाविद्यालयाच्या कपाटातली जुनी क्रूक्स नळी (जवळजवळ सगळी हवा काढलेली काचेची नळी) उच्च विद्युतदाब देणाऱ्या इंडक्शन कॉइलला जोडून दाखवू, असं वक्त्यांना वाटणं साहजिक होतं. १८९५ साली रॉन्टगेनना हे किरण अशाच मांडणीत सापडले. तीच तर अडचण, असं तुम्ही म्हणालात. विद्युतदाब पुरेसा चढला की नळी सभागृहातही क्ष-किरण सोडणारच, आणि पहिल्या रांगेत शाळकरी मुलं. क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागतात ते उगाच नव्हे. त्याऐवजी तुम्ही टेबलावर इलेक्ट्रोस्कोप ठेवलात, म्हणजे बुचातून गेलेल्या धातूच्या दांडीला खाली दोन पातळ पानं लावलेलं, विद्युतभार दाखवणारं साधन.

लोकरीवर घासलेल्या पीव्हीसी पाइपने तो भारित करायचा, पानं फाकतात. मग थोड्या अंतरावर पेटती काडी धरायची. पानं मिटतात, कारण ज्योतीतले आयन भार वाहून नेतात. क्ष-किरणही हवेला असंच वाहक करतात आणि सुरुवातीच्या काळात ते मोजले गेले ते याच गुणावर. गोव्यात हा प्रयोग फसतो तो दमटपणामुळे. पानं काडीआधीच मिटतात आणि बघणाऱ्याला वाटतं, भार हवेतून गेला. खरं तर तो दांडीभोवतीच्या बुचावर बसलेल्या ओलाव्याच्या थरातून गळतो. स्पिरिटने बूच पुसा, हेअर ड्रायरने कोमट करा, नंतर त्याला बोट लावू नका. तुमच्या या तीन सूचना आता डब्याच्या झाकणावर चिकटवल्या आहेत.

सीडीचा प्रयोग मात्र आम्हांला सगळ्यांत आवडतो. पांढऱ्या पुठ्ठ्याला भोक, त्यातून ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर, समोर १ मीटरवर सीडी. तिच्या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणून पहिला ठिपका २४ अंशांवर वळतो आणि पुठ्ठ्यावर मधल्या ठिपक्यापासून सुमारे ४४ सेंटिमीटरवर पडतो. डावं-उजवं अंतर सारखं नसेल तर सीडी तिरकी आहे. परतणारा मधला ठिपका पुन्हा भोकावर आणला की ते जुळतं. किरण सीडीच्या मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे, मध्याच्याच उंचीवर पाडायचा, नाहीतर ठिपके आडव्या रेषेत येत नाहीत. डीव्हीडी लावली तर खाचा ०.७४ मायक्रोमीटरच्या, आणि ठिपका पुठ्ठा सोडून थेट भिंतीवर पळतो. मोजपट्टी तुम्ही प्रेक्षकांच्या हातात देता, हे फार बरं. आकडा स्वतः काढला की क्ष-किरणांच्या वळण्यावरून स्फटिकातल्या थरांचं अंतर सांगणारं ब्रॅगचं सूत्र फळ्यावर परकं वाटत नाही.

मग आगरवाड्याच्या मिठागरातलं खडेमीठ. त्यातल्या अणूंच्या थरांमधलं अंतर ०.२८२ नॅनोमीटर, तिथे तांबडा लेझर कुचकामी, कारण त्याची तरंगलांबीच दोन हजार पटींहून जास्त. तांब्याचं लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीतले ०.१५४ नॅनोमीटरचे किरण लागतात आणि ते ३१.७ अंशांनी वळतात. कोन मोजला की थरांतलं अंतर कळतं, अगदी सीडीसारखं. मीठ तेच, जे शाळेतली मुलं रोज जेवणात खातात. सभागृहातली कुजबुज तिथे थांबते.

विश्वाच्या भागासाठी तुम्ही मागून काळा रंग दिलेली काच आणता. प्रकाश सरळ पडला तर जेमतेम ४ टक्के परततो. अगदी घासून गेला तर बहुतेक सगळा. क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे म्हणूनच किरणांना जवळजवळ समांतर बसवतात. २०१५ साली गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीतही तसेच आहेत. काचेचं कारण आणि क्ष-किरणांचं कारण एक नाही, त्यांचा धातूतला अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असतो, हे वाक्य वक्त्याने गाळलं की तुम्ही मागून खाकरता. त्या खाकरण्याचेही आभार. दुर्बीण वर का न्यावी लागते हे तुम्ही एका ओळीत सांगता: डोक्यावरची हवा वजनाने १० मीटर पाण्याइतकी, तिच्यातून हे किरण खाली येत नाहीत. १९६२ साली रॉकेटमधल्या उपकरणांना सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत वृश्चिकेत दिसला तोही त्या हवेच्या वर गेल्यावरच.

पुढचं व्याख्यान ऐन पावसाळ्यात आहे. डब्यातलं सिलिका जेल गुलाबी झालंय. १२० अंशांवर तापवून निळं करून ठेवतो. काच मात्र तुम्हीच आणा, आमच्याकडच्या काचेचा रंग पोपडे धरून सुटलाय.

आपले,
व्याख्यानमालेचे कार्यकर्ते