बाळ सहा आठवडे आधी आले आणि विम्याची मुदत अडतीस दिवसांनी चुकली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात विमा कंपनीचे शेवटचे पत्र आमच्या घरी आले. आमचा फेरविचाराचा अर्ज नामंजूर झाला आहे आणि कारण तेच दिले आहे : प्रसूतीच्या खर्चासाठी चोवीस महिन्यांचा जो प्रतीक्षाकाळ पॉलिसीत घातलेला आहे, तो पूर्ण होण्यास माझ्या बाळंतपणाच्या दिवशी अडतीस दिवस बाकी होते. या अडतीस दिवसांची हकिकत आपण एकदा पूर्ण वाचावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मी डिचोली तालुक्यात राहते आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. माझ्या पतीचे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. त्यांनी २०१९ पासून स्वतःचा आरोग्य विमा चालू ठेवला आहे, त्यात एकही हप्ता चुकलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आमचे लग्न झाले आणि १० जानेवारी २०२४ रोजी माझे नाव त्यांच्या पॉलिसीत चढले. बाळंतपणाचे संरक्षण असलेला प्रकार मुद्दाम निवडल्यामुळे हप्ता वर्षाला २६,४०० रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे ३१,१५२ रुपये झाला. दोन वर्षांत आम्ही ६२,३०४ रुपये भरले. दुकानावर आणि कारखान्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात ही रक्कम कशी उभी राहते, ते सांगायला नको.

पतीने २०१९ पासून भरलेली वर्षे बाळंतपणाच्या हिशेबात धरली गेली नाहीत. प्रतीक्षाकाळ माझे नाव आले त्या दिवसापासून नव्याने सुरू झाला. गोव्यात आम्ही विवाह नोंदवताना निबंधकासमोर दोनदा सह्या करतो, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथल्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक होते. पतीच्या घरादारात माझा अर्धा वाटा आला, त्यांच्या दुकानाच्या कर्जातही आला. पाच वर्षे त्यांनी प्रामाणिकपणे भरलेल्या हप्त्यांचा मात्र मला एका दिवसाचाही उपयोग झाला नाही. बाळ दोघांचे असते, मग प्रतीक्षा एकट्या बाईच्या नावावर का मोजायची?

ऑगस्ट २०२४ मध्ये मला पहिल्यांदा दिवस गेले होते. दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला आणि एक रात्र इस्पितळात काढावी लागली. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये सर्व कंपन्यांसाठी वगळलेल्या बाबींचे जे ठरावीक शब्द घालून दिले, त्यांतील अठरावी बाब प्रसूतीची आहे. गुंतागुंतीचे बाळंतपण आणि सिझेरियन तिच्यात आले, आणि अपघाताने झालेला नसेल तर गर्भपातही आला. गर्भाशयाबाहेर गर्भ राहिला तर तेवढा अपवाद. मी जिन्यावरून पडले असते तर माझा गर्भपात विम्याच्या दृष्टीने आजार ठरला असता. घरात बसल्या जागी रक्त गेले म्हणून तो ठरला नाही. त्या वेळी मी बिल भरले आणि गप्प राहिले, कारण त्या दिवसांत कोणाशी भांडण्याइतकी शक्ती माझ्या अंगात उरली नव्हती.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. माझे वय तेव्हा बत्तीस. डॉक्टर सांगत होत्या की आता फार लांबवू नका, आणि पॉलिसीचा कागद सांगत होता की जानेवारी २०२६ पर्यंत थांबा. दोघांचेही ऐकायचे म्हणून आम्ही महिने मोजले. बाळंतपणाची तारीख मिळाली ती १४ जानेवारी २०२६, ऐन संक्रांत. प्रतीक्षाकाळ ९ जानेवारीला संपत होता. संसाराचा इतका खासगी निर्णय विम्याच्या तारखेला बांधावा लागला याची मला आजही लाज वाटते, तरी नियम सांगतो तसेच आम्ही वागलो.

२ डिसेंबरच्या रात्री चौतिसाव्या आठवड्यात मला रक्तस्राव सुरू झाला. माझी नोंद सरकारी आरोग्य केंद्रात होती, तपासण्या तिथेच व्हायच्या आणि त्यांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. बाळंतपण म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात करायचे ठरले होते. पण त्या रात्री वार सुटू लागली होती, आणि फोनवर डॉक्टरांनी सांगितले की म्हापसा नको, बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेजही (गोमेकॉ) नको, जे सर्वांत जवळ असेल तिथे पोहोचा. आम्ही एका खासगी इस्पितळात पोहोचलो. मध्यरात्री एक वाजता पतीने काउंटरवर राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड पुढे केले, तेव्हा बाळंतपण यावर आमच्याकडे होत नाही असे सांगून ते परत देण्यात आले. चाळीस हजार रुपये भरल्यानंतर मला आत नेले. सिझेरियन झाले, दोन बाटल्या रक्त चढवले. मुलगी जन्मली ती एक किलो नऊशे ग्रॅमची, आणि श्वास नीट घेत नव्हती म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवले.

ती तेरा दिवस त्या पेटीत होती. सहाव्या रात्री घरोघरी सटी पुजतात, तेव्हा माझी मुलगी वरच्या मजल्यावर नळ्यांमध्ये होती आणि मी खालच्या मजल्यावर टाक्यांच्या दुखण्यात पडून होते. सासूबाईंनी घरी दिवा लावला आणि रात्रभर जागल्या. मला तिला प्रथम हातात घेता आले ते सातव्या दिवशी. त्या आठवड्यात रोज सकाळी पतीच्या हातात दोन कागद यायचे, एक माझ्या औषधांचा आणि एक तिच्या. ते दोन्ही घडी करून खिशात घालताना मी त्यांना पाहिले आहे. एकूण बिल २,८२,००० रुपये झाले : माझे १,१८,००० आणि बाळाचे १,६४,०००. सत्तर हजार रुपये शिल्लक होते, माझ्या पाटल्या गहाण ठेवून एक लाख वीस हजार उभे केले आणि उरलेले दिरांनी दिले, ते त्यांनी स्वतःच्या घराच्या कौलांसाठी साठवलेले होते.

कंपनीने माझा दावा प्रतीक्षाकाळावर फेटाळला. बाळाच्या दाव्याला दिलेले उत्तर त्याहून कठोर आहे : आईचा प्रसूतीचा दावाच मान्य नसल्याने नवजात बाळाला संरक्षण नाही, बाळाचे नाव नव्वद दिवसांनंतर पॉलिसीत चढवता येईल. ज्या तेरा दिवसांत तिला जगण्यासाठी सर्वांत जास्त पैसा लागला, त्या तेरा दिवसांत ती कोणत्याच कागदावर कोणाची नव्हती. हाच रक्तस्राव मला रस्त्यावरच्या अपघातात झाला असता तर पॉलिसीच्या पहिल्या महिन्यातही कंपनीने पैसे दिले असते. आणि बाळंतपण ठरल्या दिवशी, काही अडचण न येता झाले असते तर ते मुदतीत बसले असते. आमच्यावर संकट आले, म्हणूनच आम्ही मुदतीबाहेर गेलो. संकटासाठीच विमा काढायचा असतो, अशी माझी आजवर समजूत होती.

१० जानेवारीला, मुलीला घरी आणून पंचवीस दिवस झाल्यावर, कंपनीचा संदेश मोबाइलवर आला की आपले प्रसूती संरक्षण आजपासून सुरू झाले आहे. त्याची मर्यादाही त्यात लिहिली होती : पन्नास हजार रुपये. म्हणजे अडतीस दिवस निभावले असते तरी माझ्या बिलाचा अर्धा भागही सुटला नसता.

विमा हा केंद्राचा विषय आहे असे उत्तर आपल्या कार्यालयातून येईल, याची मला कल्पना आहे. दिवस गेल्यावर कोणी घाईने विमा काढू नये यासाठी प्रतीक्षाकाळ असतो, हेही मी समजून घेतले आहे. पण त्यासाठी नऊ महिने पुरतात. नऊ महिन्यांच्या पुढे जी दोन-दोन, तीन-तीन वर्षे लावली जातात ती कोणाची लबाडी रोखण्यासाठी? याच नियामकाने २०२४ मध्ये जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, आणि रोखरहित उपचाराच्या अर्जावर एका तासात निर्णय देण्याचा आदेश काढला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के करही गेला. ठरवले तर बदल होतात, हे त्यावरून दिसते. कराचा निर्णय ज्या परिषदेने घेतला तिथे गोव्याचीही खुर्ची आहे. बाळंतपणाच्या प्रतीक्षाकाळाबद्दल गोवा सरकारने आजवर नियामकाला एक तरी पत्र लिहिले आहे का? आणि माझ्यासारखीने दाद मागायची तर गोव्यासाठीचा विमा लोकपाल मुंबईत बसतो. दोन महिन्यांचे बाळ आणि न सुकलेले टाके घेऊन माणूस किती दारे ठोठावू शकतो?

जे पूर्णपणे आपल्या हातात आहे, त्याबद्दल मला अधिक बोलायचे आहे. दीनदयाळ योजना २०१६ साली आपल्या राज्याने सुरू केली, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण जाहीर केले, आणि आम्ही ते कार्ड देवघरात ठेवावे तसे जपले. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी इस्पितळात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण, रुग्णवाहिका आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत केले. म्हापशाला वेळेत पोहोचले असते तर मला एक रुपया द्यावा लागला नसता. म्हणजे हा खर्च सरकारने उचलावा हे सरकारलाच मान्य आहे, पण सरकारी इस्पितळाच्या फाटकाच्या आतच. बाई रक्तात न्हाऊन फाटकापर्यंत पोहोचू शकली नाही तर तो हक्क वाटेतच संपतो. ज्या राज्याने २०२३ पासून गोमेकॉत टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार मोफत सुरू केले, त्या राज्याला दिवस पूर्ण न भरता आलेल्या बाळाचे तेरा दिवस जड का व्हावेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत गोव्यातील ९९ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे इस्पितळात झाल्याची नोंद आहे आणि तो आकडा आपल्या भाषणांत येतो. त्याच सर्वेक्षणात गोव्यातील शंभरातील जवळजवळ चाळीस बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचेही आहे, देशात तेव्हा हेच प्रमाण साडेएकवीस होते. इतक्या बायकांच्या पोटावर टाके पडत असताना सिझेरियनला वगळलेली बाब म्हणणारा विमा गोव्यात विकला जातो, आणि राज्य त्याकडे पाहत राहते. एका स्त्रीमागे सरासरी १.३ मुले एवढ्यावर गोवा आला आहे. मुले का होत नाहीत याच्या चर्चा मी ऐकते, तेव्हा गहाण पडलेल्या पाटल्यांची पावती मला आठवते.

आमच्यासारख्यांना कुठेच जागा नाही. माझा पगार साडेतेवीस हजार, त्यामुळे राज्य कामगार विम्याच्या बाहेर, कारण तिथली एकवीस हजारांची मर्यादा २०१७ पासून तशीच आहे. माझ्याच टेबलासमोर बसणारी, दोन हजार नऊशे रुपये कमी मिळवणारी मैत्रीण आत आहे आणि तिच्या बाळंतपणाची सोय झाली. कारखान्याचा गट विमा आहे, त्यात बाळंतपण नाही. कायद्याने मातृत्व रजा मिळाली आणि ती महत्त्वाची आहे. त्यातला वैद्यकीय बोनस मात्र साडेतीन हजार रुपये. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार. हे सगळे एकत्र केले तरी पेटीतल्या एका दिवसाचेही पैसे होत नाहीत. प्रत्येक योजनेने आपापली कुंपणे घातली आहेत आणि दोन कुंपणांच्या मधल्या गल्लीत आमची लग्ने होतात, आमची मुले जन्मतात.

माझी मागणी अवघड नाही. जिवावर बेतलेले बाळंतपण गोव्यातील कोणत्याही इस्पितळात झाले तरी आईचा आणि नवजात बाळाचा खर्च दीनदयाळ कार्डावर बसावा, आणि त्यासाठी मध्यरात्री काउंटरवर कोणाला पैसे मोजावे लागू नयेत. कार्डावर बाळंतपणातले काय चालते आणि काय नाही, याचा मराठी आणि कोकणी फलक प्रत्येक संलग्न इस्पितळाच्या दारात लावावा. माझ्या पतीला ते रात्री एक वाजता कळले. प्रसूतीचा प्रतीक्षाकाळ नऊ महिन्यांवर आणावा, जोडीदाराची आधीची वर्षे त्यात धरावीत आणि आईचा दावा काहीही होवो, बाळाला पहिल्या तासापासून संरक्षण मिळावे, असे गोवा सरकारने नियामकाला लेखी कळवावे आणि ते पत्र लोकांना दाखवावे.

या पत्रासोबत बिलांच्या, कंपनीच्या दोन्ही पत्रांच्या आणि १० जानेवारीच्या संदेशाच्या प्रती आपल्या कार्यालयात पाठवत आहे. पोच नको, उत्तर हवे. पाटल्या सोडवण्याची मुदत ऑगस्टपर्यंत आहे.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक आई