ही २५५ कुणाला विचारून लिहिलीस?

ताई, सादर नमस्कार.

नाव घालू नकोस असं बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पण आभार चारचौघांत मानणार, कारण माझी चूक चारचौघांसारखीच होती.

गावच्या वाचनालयाची जुनी इतिवृत्तं स्कॅन करून ठेवायला मी सी मध्ये प्रोग्राम लिहीत होतो. स्कॅन करणाऱ्या पोरांनी फाईलींना नावं दिली ती लग्नपत्रिकेसारखी: संस्थेचं पूर्ण नाव, सभेचा विषय, तारीख, अध्यक्ष आणि शेवटी भाग १, भाग २. पेनड्राइव्हवर सगळं सुखाने नांदत होतं. लिनक्सच्या सर्व्हरवर उतरवायला गेलो की ‘फाईल नेम टू लाँग’. मग मी शहाणपणा केला. नावासाठी २५६ बाईटांचा बफर (मेमरीतली तात्पुरती जागा) घेतला आणि नाव २५५ वर छाटलं. एरर गेली. आठवड्याने पाहतो तर भाग १ च्या डोक्यावर भाग २ बसलेला, आणि नावांच्या शेपटाला प्रश्नचिन्हं लोंबतायत. पेनड्राइव्ह पुसला नव्हता म्हणून निभावलं.

तुम्ही कोड पाहून एवढंच विचारलंत, “ही २५५ कुणाला विचारून लिहिलीस?”

मग लाईटबिल उलटं करून ‘ग्रामपंचायत’ फोडून दाखवलंत. डोळ्याला ६ अक्षरं. आत ग, हलन्त, र, काना, म, प, अनुस्वार, च, काना, य, त अशी ११ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व्हरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, प्रत्येकी ३ बाईट, म्हणजे ३३. ईएक्सटी४ वर, म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीत, नावाला २५५ बाईट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. मधे एखादी मोकळी जागा आली की ती एकाच बाईटची, त्यामुळे कात्री अक्षराच्या मधोमध पडते. विंडोज बाईट मोजतच नाही, ते यूटीएफ-१६ ची २५५ एककं मोजतं, देवनागरीच्या एका चिन्हाला एक एकक. पेनड्राइव्हवरही तोच हिशोब, तिकडे नाव मावायचं ते म्हणून.

कोडमध्ये लिहायचा आकडा तुम्ही सांगितला नाहीत, विचारायचं कुणाला ते सांगितलंत: ज्या फोल्डरमध्ये लिहायचं त्यालाच. सी मधल्या पाथकॉन्फ या फंक्शनला फोल्डरचा पाथ द्यायचा, फोल्डर उघडा असेल तर एफपाथकॉन्फला त्याचा डिस्क्रिप्टर (उघडल्यावर मिळणारा क्रमांक). टर्मिनलवर त्याच कामाची आज्ञा गेटकॉन्फ. सर्व्हरने २५५ सांगितले. तुमच्या जुन्या लॅपटॉपवरच्या ईक्रिप्टएफएसवाल्या (फाईली एन्क्रिप्ट करून ठेवणाऱ्या) होम फोल्डरने १४३. माझ्या फॅट३२ पेनड्राइव्हने चक्क १५३०! (२५५ एककं गुणिले ६ बाईट, असा लिनक्सचा ऐसपैस हिशोब.) पॉसिक्स या युनिक्सछाप सिस्टिमांच्या मानकाची हमी मात्र फक्त १४ ची. १४ बाईटांत ‘वाचनालय’सुद्धा बसत नाही, ताई.

वजा एकवर मी परत आपटलो. पाथकॉन्फचं उत्तर वजा एक आलं की चूक समजून प्रोग्राम बंद करत होतो. तुम्ही म्हणालात, वजा एकचे अर्थ दोन. विचारण्याआधी एररनो (एररचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) शून्य कर. नंतर तो बदलला तर चूक, शून्यच राहिला तर ‘इथे ठरलेली मर्यादा नाही’. मॅन पेजवर, म्हणजे फंक्शनच्या माहितीपानावर, हे लिहिलेलं आहे, आणि मी ते पान दहादा उघडलं होतं.

आता प्रोग्राम सुरू होताच आधी फोल्डरला विचारतो. मिळालेल्या आकड्यात शेवटचा नल (नाव संपल्याची खूण असलेला एक बाईट) धरलेला नसतो, म्हणून बफर एकाने मोठा. तात्पुरत्या फाईलीला मी मागे ‘.टीएमपी’ जोडतो, रोमन अक्षरांत, त्याचे ४ बाईट आधीच वजा. तरीही नाव मावलं नाही तर छाटत नाही. फाईलीला अनुक्रमांक देतो आणि पूर्ण नाव नोंदवहीच्या फाईलीत लिहितो. ही नोंदवही तुमचीच कल्पना, वाचनालयातल्या दाखल रजिस्टरावरून सुचलेली.

भाग १ आपल्या जागी परत आलाय.

तुमचं लाईटबिल मात्र माझ्याकडेच राहिलं. मुदत परवाची आहे. संध्याकाळी वर आणून देतो, मागच्या बाजूचा फोटो काढून घेतलाय.

आपला,
खालच्या मजल्यावरचा